ट्रेलरमधला पाण्याचा पंप घरघरतो तेव्हा: पंप बदलण्याआधी काय काय तपासायचं

ट्रॅव्हल ट्रेलर किंवा आरव्हीमधला (म्हणजे चाकांवरच्या घरातला) १२ व्होल्टचा पाण्याचा पंप वजनाला जेमतेम दोन किलोचा असतो. नळ सोडल्यावर आवाज मात्र असा येतो, की कोणीतरी पलंगाखाली मिक्सरवर शेंगदाण्याचं कूट करतंय. मग बहुतेक लोक ‘पंप गेला’ असं ठरवून नवा मागवतात, बसवतात, आणि नवाही तसाच घरघरतो.

कारण आवाज पंपाचा असला तरी तो मोठा करतो ट्रेलर. तंबोऱ्याची नुसती तार छेडली तर हाताच्या अंतरावरही नीट ऐकू येत नाही; तिला भोपळा लागतो. ट्रेलरची पातळ प्लायवुडची फरशी, पोकळ कपाटं आणि भिंतीत सैल सोडलेल्या प्लॅस्टिकच्या नळ्या हा पंपाचा भोपळा. म्हणून दुरुस्तीचा क्रम असा ठेवा: आधी पंपाचा ट्रेलरला होणारा स्पर्श, मग टाकीकडून येणाऱ्या पाण्यातली हवा, मग दाब, मग वीज आणि सगळ्यात शेवटी पंप. पहिल्या दोन टप्प्यांना शंभर डॉलरही लागत नाहीत आणि बरीचशी प्रकरणं तिथंच मिटतात.

इथले आकडे अमेरिका-कॅनडात ट्रेलरमध्ये सर्रास दिसणाऱ्या शुरफ्लो ४००८ या जातीच्या पंपाला धरून आहेत: मिनिटाला ३ गॅलन (सुमारे ११ लिटर), ५५ पीएसआयला (पीएसआय हे दाबाचं माप) बंद होणारा, जास्तीत जास्त साडेसात अँपिअर घेणारा. महाराष्ट्रात टेम्पो ट्रॅव्हलर किंवा बसवर बांधलेल्या कॅराव्हॅनमध्येही याच तत्त्वाचे १२ व्होल्टचे डायफ्रॅम पंप बसवतात. त्यामुळे नळीचे माप वगळता बाकी सगळं तिथंही लागू पडतं.

पंपाच्या आत काय चालतं

हा पंप घरच्या बोअरवेलच्या पंपासारखा पंख्यावर चालत नाही. त्याच्या डोक्यात तीन-चार छोटे कप्पे असतात आणि त्यांच्यावर रबरी पडदा, म्हणजे डायफ्रॅम. मोटरच्या दांड्यावरची तिरकी चकती डुलत डुलत एकेका कप्प्याला दाबते आणि सोडते. म्हणजे पाणी सलग धारेनं नाही, ठोक्याठोक्यानं पुढे जातं. प्रत्येक ठोका नळीतून पुढे जातो आणि स्क्रूमधून खाली फरशीत उतरतो.

डोक्यावर प्रेशर स्विच असतो. नळ बंद झाला की दाब वाढतो आणि ५५ पीएसआयला मोटर थांबते. नळ सोडल्यावर दाब साधारण ४० पर्यंत उतरला की ती पुन्हा सुरू होते. पाणी उलट टाकीत जाऊ नये म्हणून पंपातच एक चेक व्हॉल्व्ह असतो. स्विच आणि चेक व्हॉल्व्ह ही दोन नावं लक्षात ठेवा, पुढे लागतील.

आधी नुसतं ऐका

टाकी निम्म्याहून जास्त भरा. पार्कच्या, म्हणजे ट्रेलर उभा करायच्या तळावरच्या, नळाची होज लावलेली असेल तर काढा. पंप चालू करा आणि स्वयंपाकघरातला थंड पाण्याचा नळ पूर्ण सोडा. सलग, एका सुरातली गुणगुण येत असेल आणि नळ बंद केल्यावर ती तीन-चार सेकंदांत थांबत असेल, तर पंप निरोगी आहे. आवाज कितीही मोठा असो, दोष आतला नाही.

नळ अर्धवट सोडल्यावरच टर्र-टर्र-टर्र असं तुटक वाजत असेल तर प्रकरण दाबाचं आहे. नळातून पाणी फुसफुसत, थुंकल्यासारखं येतंय आणि पंप खडखडतोय म्हणजे हवा शिरतेय. सगळे नळ बंद असताना दर पाच-दहा मिनिटांनी एकच छोटा टुर्र होत असेल तर कुठेतरी गळती आहे. नळ बंद करताना भिंतीत एकदाच धप्प होत असेल तर नळी मोकळी आहे. आणि आवाज जड, ओढल्यासारखा, चढावर गाडी चढवावी तसा असेल तर व्होल्टेज बघा.

आता उलटी परीक्षा. पंपाचं बटण बंद करा, पार्कच्या नळाची होज प्रेशर रेग्युलेटरसह जोडा आणि तोच नळ सोडा. आवाज अजूनही येतोय? मग पंपाचा काही संबंध नाही. रेग्युलेटर किंवा होज जोडण्याच्या तोंडाशी असलेला चेक व्हॉल्व्ह गुणगुणतोय. तो व्हॉल्व्ह कधीकधी पंप चालू असतानाही बाहेरून शिट्टीसारखा वाजतो. लोक आत पंपाशी झटापट करत बसतात आणि वाजतं ते बाहेरच्या भिंतीवर.

पंप सापडत नसेल तर आवाजाच्या मागानं जा. पलंगाखाली, सोफ्याच्या पेटीत, सिंकखालच्या कपाटात खोटी पाठ लावून, किंवा बाहेरच्या सामानाच्या कप्प्यात पातळ फळीमागे असतो. फळीचे चार स्क्रू काढावे लागतात.

पंप हातात धरून बघा

पाच मिनिटांची ही कसोटी सगळ्यात जास्त सांगून जाते. पंप बंद करून फ्यूज काढा आणि एक नळ सोडून साचलेला दाब उतरवा. धार थांबेपर्यंत कुठल्याही जोडाला हात लावू नका. मग पंपाच्या पायांचे चार स्क्रू काढा. नळ्या जोडलेल्याच राहू द्या. फ्यूज परत लावा, घरातल्या कोणालातरी नळ सोडायला सांगा आणि पंप फरशीपासून दोन-तीन सेंटीमीटर वर हातात धरा.

आवाज एकदम निम्म्यावर आला, तर दोष बैठकीचा आहे. फारसा फरक पडला नाही पण भिंतीत किंवा कपाटामागे थरथर जाणवतेय, तर नळ्यांचा. हातातच खडखड जाणवतेय, तर हवा किंवा पंपाचं आतलं काम. याहून पक्कं हवं असेल तर पंप सगळ्या नळ्यांपासून सोडवा, दोन्ही बाजूंना हातभर लांबीची लवचीक नळी लावा आणि एका बादलीतून उचलून त्याच बादलीत पाणी सोडू द्या. बादलीवर गुपचूप चालणारा पंप बदलून काही साधत नाही.

बैठक

पंपाला चार रबरी पाय असतात. कारखान्यात किंवा आधीच्या मालकानं स्क्रू इतके आवळलेले असतात, की रबर पापडासारखं चपटं होतं. चपटं रबर थरथर अडवत नाही. स्क्रू सैल करा. रबर पुन्हा फुगलेलं दिसलं पाहिजे आणि पंप बोटानं ढकलला तर किंचित डुलला पाहिजे. काही ट्रेलरमध्ये एवढ्यावरच काम होतं.

होत नसेल तर पंप कशावर बसलाय ते पाहा. तीन मिलीमीटरच्या कपाटाच्या पाठीवर किंवा पलंगाच्या पेटीच्या उभ्या फळीवर बसवला असेल तर तो ढोलकीवरच बसलाय. त्याला फरशीवर आणा, शक्य तर खालच्या आडव्या तुळईजवळ.

खाली रबराची चटई घालताना एक चूक हमखास होते: चटईतून आरपार लांब स्क्रू फरशीत आवळला जातो. मग चटई नावापुरती उरते, कारण थरथर स्क्रूच्या लोखंडातून सरळ खाली उतरते. योग्य पद्धत अशी. १८ मिलीमीटर जाडीच्या प्लायवुडचा साधारण २० बाय ३० सेंटीमीटरचा तुकडा घ्या. पंप त्या तुकड्यावर स्क्रूनं बसवा, पण स्क्रू तुकड्याच्या खाली बाहेर येता कामा नये. तुकड्याखाली १० ते १२ मिलीमीटर जाडीची घट्ट रबरी चटई. व्यायामशाळेतल्या चटईचा किंवा घोड्यांच्या तबेल्यात अंथरतात त्या चटईचा तुकडा उत्तम. तुकड्याच्या चार कोपऱ्यांना स्क्रूपेक्षा दुप्पट रुंद भोकं पाडा, स्क्रूच्या डोक्याखाली रबरी वॉशर द्या आणि तुकडा सरकणार नाही इतपतच आवळा. जड प्लायवुड पंपाची थरथर अंगावर घेतं, चटई ती खाली जाऊ देत नाही, आणि स्क्रू फक्त राखणदारी करतो. योगासनाच्या मऊ चटईचा तुकडा मात्र नको. तो काही महिन्यांत दबून कागद होतो.

पंप उभा बसवायची वेळ आली तर डोकं खाली, मोटर वर. डोक्यातून कधी गळालंच तर पाणी मोटरमध्ये उतरत नाही.

पंपाभोवती पेटी करून आत फोम ठासणं हा उपाय दिसायला सोपा, पण मोटरला हवा लागते. चारी बाजूंनी कोंडलेली मोटर तापते, तिचा उष्णतेचा कटआउट तिला बंद करतो आणि अंगाला साबण लावलेला असतानाच पाणी जातं. कपाटाच्या आतल्या बाजूला फोमचे तक्ते चिकटवा, पंपावर नको. फवाऱ्याचा फोम तर कधीच नको. पुढच्या वेळी पंप काढायला करवत लागेल.

नळ्या

ट्रेलरमध्ये पाणी खेळवणारी पांढरी, लाल किंवा निळी कडक नळी म्हणजे पेक्स. अर्धा इंच म्हणतात ती बाहेरून मोजली तर पाच अष्टमांश इंच, म्हणजे जवळपास १६ मिलीमीटर भरते. ही कडक नळी थेट पंपाच्या तोंडाला जोडली असेल तर प्रत्येक ठोका नळीतून थेट नळापर्यंत पोचतो. बैठक कितीही मऊ करा, नळी त्याला बगल देते.

उपाय: पंपाच्या दोन्ही बाजूंना निदान १८ इंच, म्हणजे ४५ सेंटीमीटर लवचीक नळी. आतून अर्धा इंच, पिण्याच्या पाण्याला चालणारी, आत धाग्याची वीण असलेली. वीण दोन कारणांसाठी: निकासाकडे, म्हणजे पाणी पंपातून बाहेर पडतं तिकडे, दाब असतो आणि ओढीच्या, म्हणजे टाकीकडच्या, बाजूला पोकळी. साधी पारदर्शक नळी ओढीच्या बाजूला आत चिकटते, विशेषतः उन्हाळ्यात मऊ झाल्यावर, आणि मग पंप आणखीच कण्हतो.

सामान असं: १८ इंचाचे दोन तुकडे, पंपाच्या तोंडाला बसणारे अर्ध्या इंचाचे दोन फिरते बार्ब जोड (बार्ब म्हणजे नळी आत सरकवायचं दातेरी टोक), पेक्सपासून बार्बवर येणारे दोन जोड आणि स्टेनलेसचे चार क्लॅम्प. हेच सामान ‘सायलेन्सिंग किट’ नावानं तयारही मिळतं.

बसवताना पंपाच्या बाजूच्या पेक्सवर खूण करा आणि ती पेक्स कापायच्या कात्रीनं सरळ काटकोनात कापा. हॅकसॉनं कापली तर भुसा नळीत जातो आणि नळांच्या जाळ्यांत अडकतो. टाकीला बंद करायची कॉक नसेल तर आधी टाकी रिकामी करा, नाहीतर ओढीची नळी सोडताच सगळं पाणी पलंगाखाली. लवचीक नळीला वळण मोठं द्या, एखाद्या यू किंवा गोल वेटोळ्यासारखं. ताणून सरळ बसवलेली लवचीक नळी कडक नळीसारखीच वागते. पंपाची तोंडं प्लॅस्टिकची असतात. फिरता जोड हातानं आवळा, हवं तर वर थोडंसं, बस. त्यावर टेफ्लॉन टेप लावू नका. टेप लावली की आटे गुळगुळीत फिरतात, हात जास्त आवळतो आणि पंपाचं तोंड तडकतं.

भिंतीमागच्या नळ्या हा किचकट भाग, कारण तिथं हात पोचत नाही. नळ चालू ठेवून टॉर्च घेऊन फिरा. जिथं दिसेल तिथं पेक्सला बोट लावा. जिथं बोट लावताच आवाज बदलतो तिथं पेन्सिलनं खूण करून ठेवा. फरशीतून किंवा तुळईतून नळी जाते तिथली भोकं बहुधा ओबडधोबड आणि सैल असतात. तिथं फोमची नळी कापून गुंडाळा. पाण्याच्या नळ्यांना थंडीसाठी घालतात ती, आतून पाच अष्टमांश इंचाची. लांब मोकळ्या नळीला दर दोन फुटांवर रबर लावलेला क्लॅम्प द्या. प्लॅस्टिकची पट्टी वापरली तर आवळून नळी चेपू नका. गरम पाण्यानं पेक्स लांब होते, तिला सरकायला जागा हवी. नळ बंद करताना होणारा धप्प आवाज, विशेषतः टॉयलेटचं पेडल सोडल्यावर, बहुतेकदा एवढ्यानंच थांबतो.

हवा आणि कचरा

डायफ्रॅम पंप पाणी उचलताना हवा ओढायला लागला की त्याचा सूर फाटतो. नळ बराच वेळ सोडूनही पाणी थुंकल्यासारखं येत राहिलं, तर हवा कुठूनतरी सतत येतेय. ओढीच्या बाजूला गळती असेल तर पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणून कोरडा जोड म्हणजे चांगला जोड असं समजू नका.

शोधायचा क्रम. टाकी खरंच किती भरली आहे? आतल्या पॅनलच्या दिव्यांनी दाखवलेल्या पातळीवर विश्वास ठेवू नका. पाव टाकीच्या खाली असेल आणि ट्रेलर उताराकडे झुकलेला असेल, तर ओढीचं तोंड उघडं पडतं. त्यानंतर पंपाआधीची गाळणी, तिची पारदर्शक वाटी आणि वाटीची ओ-रिंग. पंप चालू असताना वाटीत बुडबुडे धावताना दिसले तर हवा वाटीच्या आधीच्या भागातून किंवा वाटीच्या झाकणातून येतेय. हिवाळ्यात उरलेलं पाणी गोठून वाटीला केसाएवढी चीर जाते. पाणी गळत नाही, हवा मात्र शिरते. एप्रिलमध्ये पहिल्यांदा ट्रेलर बाहेर काढल्यावर पंप अचानक खडखडायला लागला तर पहिला संशय या वाटीवर घ्या.

दुसरा संशयित म्हणजे हिवाळ्यासाठी गुलाबी अँटीफ्रीझ (नळ्या गोठू नयेत म्हणून भरतात ते द्रव) ओढायला बसवलेली छोटी नळी आणि तिचा कॉक. कॉक अर्धवट उघडा राहिला किंवा आतून झिजला, की पंप टाकीतलं पाणी आणि त्या नळीतली हवा दोन्ही एकदम ओढतो. नळीच्या टोकाला बूच लावून बघा. आवाज थांबला तर चोर सापडला.

गाळणी काढलीच आहे तर धुवा. नव्या ट्रेलरमध्ये टाकीला भोकं पाडतानाचे प्लॅस्टिकचे कुरळे कीस पहिल्या काही भरण्यांमध्ये गाळणीत येतात. तुंबलेल्या गाळणीनं पंप जड आवाज करतो आणि धार बारीक होते. महाराष्ट्रात टँकरचं किंवा विहिरीचं पाणी भरत असाल तर गाळणी दर भरण्याला उघडायची सवय लावा. बारीक गाळ तिच्यातून निसटून व्हॉल्व्हखाली बसतो. गाळणीशिवाय पंप चालवू नका. त्या व्हॉल्व्हखाली अडकलेला एक कीस म्हणजेच पुढचं प्रकरण.

रात्रीची टुर्र

सगळं बंद, सगळे झोपलेले, आणि दर काही मिनिटांनी अर्ध्या सेकंदाचा टुर्र. दाब उतरतोय म्हणून पंप उठतोय. पाणी दोनच वाटांनी जाऊ शकतं: पुढे नळांकडे गळतंय, किंवा मागे पंपातून टाकीत परत जातंय. हे ठरवल्याशिवाय काही बदलू नका.

टाकी अर्धी असताना पंप बंद ठेवा आणि पार्कच्या नळाची होज जोडून दोन-तीन तास राहू द्या. टाकीची पातळी वाढली, किंवा टाकीच्या हवेच्या नळीतून बाहेर पाणी यायला लागलं, तर पंपाचा चेक व्हॉल्व्ह उलटं पाणी सोडतोय. पातळी पाहताना पॅनलच्या दिव्यांवर जाऊ नका. टाकी दिसत असेल तर तिच्यावर पेन्सिलची रेघ मारा. (टाकी भरायचा वेगळा कॉक पॅनलवर असेल तर तोही गळू शकतो, त्याला आधी नीट बंद करा.) पंपाचं डोकं खोलून व्हॉल्व्ह धुता येतो. पांढरे क्षार दिसले तर साध्या व्हिनेगरमध्ये तासभर बुडवा. रबर कडक किंवा वाकडं झालं असेल तर व्हॉल्व्हचा किंवा वरच्या डोक्याचा सुटा संच मिळतो, आख्खा पंप घ्यावा लागत नाही.

पातळी हलली नाही तर गळती पुढे आहे. टॉयलेटमधलं पाणी कोरडं करा, भांड्यात टिशू पेपरचा तुकडा ठेवा आणि तासाभरानं बघा. ओला झाला तर टॉयलेटचा व्हॉल्व्ह. वॉटर हीटरच्या बाहेरच्या दारामागचा सेफ्टी व्हॉल्व्ह टिपकतोय का? ट्रेलरखालचे पाणी काढून टाकायचे दोन कॉक? बाहेरचा शॉवर? आणि होज जोडायच्या तोंडातून बाहेर ओघळ येतोय का? शेवटचा बहुतेकांच्या लक्षात येत नाही, कारण ओघळ बाहेरून भिंतीवरून उतरून चिखलात जातो.

तोवर झोप हवी असेल तर पंपाचं बटण बंद करून झोपा. गळती असताना रात्रभर पंप चालू ठेवला, तर सकाळी आवाजाखेरीज फुगलेली फरशीही निस्तरावी लागते.

अ‍ॅक्युम्युलेटर

नळ अर्धवट सोडल्यावरची टर्र-टर्र येते ती पंपाला नळापेक्षा जास्त पाणी देता येतं म्हणून. दाब क्षणात ५५ ला जातो, मोटर थांबते, क्षणात ४० ला उतरतो, मोटर उठते. आधी नळाच्या तोंडाची जाळी धुवा. ती तुंबलेली असली की पूर्ण सोडलेला नळही अर्धवट सोडल्यासारखाच असतो. मग अ‍ॅक्युम्युलेटरचा विचार करा: आत रबरी पिशवी, एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला पाणी. पंपाच्या निकासाकडे, पंपाच्या जवळ, लवचीक नळीनंतर टी आकाराचा जोड घालून बसवायचा.

तो काय करतो याचा हिशेब स्पष्ट ठेवा. २४ औंसाच्या, म्हणजे सुमारे ७०० मिलीलिटरच्या टाकीत हवा ३८ पीएसआय भरली, तर ५५ ते ४० या उतारात ती जेमतेम १४५ मिलीलिटर पाणी देते. एक छोटा पेला. म्हणजे ठोके बोथट होतात, रात्री हात धुवायला पंप उठत नाही, पण आंघोळीला पंप चालणारच. हवा २० पीएसआयच ठेवली तर तेच पाणी ९५ मिलीलिटरवर येतं. म्हणून हवेचा आकडा महत्त्वाचा.

हवा भरायची पद्धत: पंप बंद, नळ उघडा, पाण्याचा दाब शून्य. मग टायरच्या गेजनं मोजा आणि सायकलच्या पंपानं भरा. पंप ज्या दाबाला पुन्हा सुरू होतो त्याच्या दोन पीएसआय खाली ठेवा. तो दाब प्रत्येक पंपाचा थोडा वेगळा. बाहेरच्या शॉवरला पाण्याचं गेज जोडून नळ हळू सोडला की काटा कुठं आल्यावर मोटर उठते ते दिसतं. पाण्याचा दाब असताना हवा मोजली तर आकडा पाण्याचाच दिसतो, आणि असं मोजून ‘बरोबर आहे’ म्हणणारे खूप. हवेच्या व्हॉल्व्हची पिन दाबल्यावर पाणी आलं तर पिशवी फाटली, टाकी बदला.

पंप वेग बदलणारा असेल, म्हणजे नळाप्रमाणे मोटर हळू-जलद होणारा, तर अ‍ॅक्युम्युलेटर बसवण्याआधी त्याची पुस्तिका वाचा. अशा पंपाचा सेन्सर दाबाच्या बारीक चढउतारावर चालतो आणि हवेची पिशवी त्याला चकवते. त्यातून नवीनच हेलकावे सुरू होतात.

स्विचचा स्क्रू फिरवायचा मोह होतो. घड्याळाच्या दिशेनं फिरवला की बंद होण्याचा दाब वाढतो. गेज लावल्याशिवाय त्याला हात लावू नका आणि एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नको. फार वाढवला तर पंप कधी थांबतच नाही.

वीज

नळ बंद करूनही पंप थांबत नसेल आणि स्विच कोणी छेडला नसेल, तर कमी व्होल्टेज हे साधं कारण असू शकतं. मोटरला शेवटचे पाच-सात पीएसआय चढवायचा जोर उरत नाही. मल्टीमीटरचे टोक पंपाच्या तारांवर ठेवा आणि पंप चालू असताना मोजा. त्याच वेळी बॅटरीवर मोजा. दोघांत अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक असेल तर तो तारेत किंवा जोडात हरवतोय.

१४ गेजची तार २० फूट दूर नेली तर जाण्यायेण्याचे ४० फूट होतात, आणि सात अँपिअरला त्यात सुमारे ०.७ व्होल्ट जातात. कारखान्यात कधी याहूनही बारीक तार टाकलेली असते. पंपाची काळी तार चेसिसला जिथं स्क्रूनं लावली आहे तो जोड गंजलेला असतो हे तर इतकं सामान्य आहे, की मल्टीमीटर काढण्याआधी तोच घासून पुसून घ्यावा. फ्यूज पंपाच्या लेबलवर लिहिला आहे तेवढ्याचाच ठेवा. उडतोय म्हणून मोठा घालणं म्हणजे तारेलाच फ्यूज करणं.

पंप खरंच गेला असेल तर

बादलीवरही खडखडतो, बेअरिंग किंचाळतं, किंवा डोकं आणि मोटर यांच्या सांध्यातून पाणी ओघळतं आणि खाली गंजाचा तांबूस डाग पडलाय. सांध्यातून पाणी म्हणजे डायफ्रॅम फाटला. मोटर अजून गुळगुळीत फिरत असेल तर खालच्या भागाचा संच घालता येतो, पण पाणी मोटरमध्ये शिरून गंज चढला असेल तर संचावर पैसे घालू नका, नवा पंप घ्या.

नवा घेताना आटे आणि तोंडांची दिशा तीच बघा, अँपिअर तेवढेच किंवा कमी, आणि पाण्याचा वेग उगाच वाढवू नका. मिनिटाला ५ गॅलनचा पंप अर्ध्या इंचाच्या त्याच जुन्या नळ्यांवर बसवला, तर टर्र-टर्र आणखी वाढते.

सगळं जोडून झालं की टाकी भरा, आधी गरम आणि मग थंड नळ धार सलग होईपर्यंत सोडा. पंपाखाली कोरडा पेपर टॉवेल पसरा आणि रात्रभर तसाच ठेवा. पहिल्या लांब प्रवासानंतर फळी पुन्हा उघडा: रस्त्याच्या हादऱ्यांनी फिरते जोड सैल होतात, ते हातानं तपासा, आणि नळीचं वेटोळं कशाला घासत नाही ना ते बघा. मगच फळीचे चार स्क्रू कायमचे लावा.